पानोपानी डिकसेट

पुतणीने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "काका, डिकसेट म्हणजे काय?"

आमच्या घरात इंग्रजी शब्दांचं खातं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच बळकावलंय. त्यामुळे 'माहीत नाही' म्हणायची सोय उरलेली नाही. मी डोक्यावरून हात फिरवला (केस होते तेव्हापासूनची सवय) आणि वेळ काढायला विचारलं, "कशाबद्दल लिहिलंय?"

"पानांबद्दल. एका झाडाची पानं डिकसेट असतात म्हणे."

"म्हणजे सुकलेली," मी ठोकून दिलं. डेसिकेट म्हणजे सुकवणं हे मला पक्कं ठाऊक होतं. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल.

"चित्रात तर हिरवीगार आहेत," ती म्हणाली.

झालं. आता उठणं भाग होतं. हाताशी जो छोटा शब्दकोश होता तो डिक्रिप्टवरून थेट डेडिकेटवर उडी मारत होता. मधे काही राहून गेल्याची त्याला खंत दिसली नाही. फोनला विचारलं. ऐकून लिहिलेलं स्पेलिंग बघून फोन म्हणाला, तुम्हाला डेसिकेट म्हणायचंय का? म्हणजे फोनची विद्याही माझ्याइतकीच.

मग एक आशा वाटू लागली की हा शब्द मुळात नसेलच. असं झालेलं आहे. १९३४ च्या वेबस्टरच्या जाडजूड कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ 'घनता'. कुणीतरी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डी ऑर डी', म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं लघुरूप. ती तीन अक्षरगटांची चिठ्ठी कुणीतरी सलग वाचली आणि एक शब्द जन्माला आला. पाच वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला त्या पाच वर्षांचा मोठा आधार वाटला. पण पुतणीने पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं. शब्द होता, स्पष्ट छापलेला, दोन एससकट.

डॉक्टर मित्राला फोन लावला. तो पटकन म्हणाला, "डिकसेशन? ते तुझ्या डोक्यात आहे."

"डोक्यात नाही रे, म्हणून तर फोन केला!"

मग त्याने समजावलं की मेंदू खाली मज्जारज्जूला जिथे मिळतो, तिथे डावीकडचे बहुतेक चेतातंतू उजवीकडे जातात आणि उजवीकडचे डावीकडे. म्हणून डावा मेंदू उजवा हात हलवतो. ज्ञान चांगलं होतं, पण पानं मेंदूत कशी गेली ते मला कळेना. तेवढ्यात त्याचा पेशंट आला.

आता दोन एस घालून शोधलं, तर समोर उभे ठाकले जुने इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनसाहेब. त्यांच्या १७५५ च्या कोशात 'नेटवर्क' या साध्या जाळ्याची व्याख्या अशी: जे समान अंतरांवर रेटिक्युलेटेड किंवा डिकसेटेड असतं आणि ज्याच्या छेदांमधे इंटरस्टिसेस असतात ते. चला, निदान रेटिक्युलेटेड तरी बघू म्हटलं. तिथे लिहिलंय, जाळ्याचं बनलेलं. म्हणजे जाळं कशाला म्हणायचं, तर जे जाळ्यासारखं असतं त्याला! यापेक्षा माझं 'सुकलेली' बरं होतं, त्यात निदान कुणी गोल फिरत नव्हतं. डिकसेटखाली त्यांनी 'लघुकोनात छेदणे' दिलंय. ते वाचून मी चित्रातल्या देठाला कोनमापक लावला. नव्वद अंश आले.

शेवटी एका मोठ्या कोशात शब्दाचं मूळ सापडलं. लॅटिनमधे 'डेकुसिस' म्हणजे दहा. रोमन दहा कसा काढतात? एक्स. अरे, म्हणजे फुली! शाळेत गणित चुकलं की वहीवर पडायची तीच. तिच्याशी माझी इतकी जुनी ओळख, आणि मी तिला लॅटिनमधे शोधत होतो.

खिडकीत पुदिन्याची कुंडी आहे. दोघं तिच्यावर ओणवे झालो. वरून बघितलं तर देठावर पानांची एक जोडी आडवी, तिच्याखालची उभी, त्याखाली पुन्हा आडवी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीवर फुली मारून बसलेली, म्हणजे वरच्या पानाची सावली लगेच खालच्यावर पडत नाही. रोज पाणी घालतो मी त्या कुंडीला. वरून कधी बघितलंच नव्हतं.

"बघ, याला म्हणतात डिकसेट," मी छाती पुढे काढून म्हणालो. "आणखी काही अडलंय?"

"नाही. त्याच वाक्यात पुढे ग्लॅब्रस होतं, पण तुम्ही शोधत होतात तेवढ्यात मी ते बघितलं."

"काय अर्थ?"

तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि ओठ चावला.

"गुळगुळीत, काका. एकही केस नसलेलं."