‘फ्री फायर’ चिनी कंपनीचा आहे का? एक खुलासा

‘फ्री फायर’ हा मोबाइलवरचा, शेवटपर्यंत जिवंत राहणारा जिंकतो असा नेमबाजीचा खेळ चिनी कंपनीचा असून चीनच्या पैशावरच तो वाढला, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो जसाच्या तसा खरा नाही. हा खेळ व्हिएतनाममधील १११ डॉट्स स्टुडिओने तयार केला आणि गरेना या सिंगापूरच्या कंपनीने तो २०१७ मध्ये बाजारात आणला. गरेनाची स्थापना २००९ मध्ये झाली. तिची मूळ कंपनी सी लिमिटेड न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदलेली आहे.

हा गैरसमज अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. टेन्सेन्ट ही चिनी कंपनी सी लिमिटेडची मोठी भागधारक होती, संस्थापक फॉरेस्ट ली यांचा जन्म चीनमधला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने चीनशी संबंधित मानलेल्या ५४ ॲपवर बंदी घातली, त्यांत हा खेळही होता. परंतु भागधारक असणे म्हणजे मालक असणे नव्हे. जानेवारी २०२२ मध्येच टेन्सेन्टने आपला हिस्सा कमी करून मताधिकार दहा टक्क्यांखाली आणला होता.

राहिला वाढीचा प्रश्न. त्याचे उत्तर भांडवलापेक्षा फोनमध्ये अधिक सापडते. अशा प्रकारच्या इतर खेळांतील शंभर खेळाडूंच्या आणि अर्धा तास चालणाऱ्या सामन्याऐवजी येथे पन्नास खेळाडू विमानातून उतरतात आणि साधारण दहा मिनिटांत निकाल लागतो, तोही कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर. आग्नेय आशिया आणि ब्राझील येथे हा खेळ पसरला तो प्रामुख्याने यामुळे.