दुखणं साडेआठनंतरचं

कानाला घड्याळ कळतं, असं शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. माझ्या डाव्या कानाला मात्र कळतं. सर्दी झाली होती, कान दिवसभर नुसता भरल्यासारखा वाटत होता. त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता आणि त्यालाही काही घाई दिसत नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांनी साडेआठला शटर ओढलं आणि मग कानात कुणीतरी सळई फिरवायला घेतली.

यात कानाचा खोडसाळपणा कमी आणि शरीराचा कारभार जास्त आहे, हे मला पुढे कळलं. शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे ते सगळ्यात कमी असतं आणि दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त. फरक साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसचा, पण तेवढ्यात सकाळची 'जरा कणकण' संध्याकाळी रीतसर ताप होऊन बसते. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. दमा रात्री उसळतो, तो काही उगाच नाही. आडवं झालं की कानातला ठणका वाढतो आणि कामं संपलेली असल्यामुळे त्या ठणक्याकडे लक्ष द्यायला माणूसही मोकळा असतो. दवाखान्याच्या वेळा ठरवताना रोगांना कुणी विचारलेलंच दिसत नाही.

घरात मग नेहमीचे दोन पक्ष पडले. 'सकाळपर्यंत बघू' हा माझा पक्ष. तो अल्पमतात होता. कानात काय काय घालावं याचे सल्ले फोनवरून येऊ लागले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कानात काही घालायचं नसतं. उठा, रात्रीच्या दवाखान्यात जाऊ."

हा रात्रीचा दवाखाना म्हणजे काही डॉक्टरांनी मिळून, पाळ्या लावून चालवलेला. इतरांचे दवाखाने बंद झाले की तो उघडतो. दारातच भलामोठा फलक आहे. ताप, उलट्या, कानदुखी, मुरगळलेला पाय, टाके घालण्याजोगी जखम यांचं स्वागत आहे. नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी, फिटनेस सर्टिफिकेट, विम्याचे कागद आणि 'बरेच महिने झाले, म्हटलं एकदा दाखवून टाकू' असली दुखणी यांनी दिवसा आपापल्या डॉक्टरांकडे जावं. सगळ्यात वर लाल अक्षरांत: छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एक हात उचलत नसेल, बोलणं अडखळत असेल, तर इथे थांबू नका, अँब्युलन्स बोलवा. हे मात्र गमतीत घ्यायचं काम नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि ते तास नंबर लावण्यात घालवायचे नसतात.

माझ्यापुढच्या गृहस्थांनी तो फलक वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत वाचला आणि काउंटरवर जाऊन फिटनेस सर्टिफिकेट मागितलं.

माझा नंबर लागला. म्हणजे लागला असं मला वाटलं. प्रत्यक्षात सिस्टरनी दोन प्रश्न विचारले, कागदावर काहीतरी खूण केली आणि "बसा काका" म्हणाल्या. 'काका' हा शब्द कानाला लागला, तोही नेमका दुखऱ्या. मग माझ्यामागून आलेलं एक धापा टाकणारं पोर थेट आत गेलं. त्यानंतर बोटाला टॉवेल गुंडाळलेला एक तरुण आत गेला. तो टॉवेल त्याने बाकावरच्या प्रत्येकाला न मागता उघडून दाखवला होता, त्यामुळे त्याच्या आत जाण्याने सगळ्यांनाच हायसं वाटलं. पण त्याच्याही नंतर आलेल्या एक आजी गेल्या तेव्हा बाकावर कुजबुज सुरू झाली. "आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय?"

ही पद्धत नेपोलियनच्या सैन्यातली. दोमिनिक लारे नावाच्या त्याच्या सर्जनने नियम घातला होता की जखमींमध्ये हुद्दा बघायचा नाही, आधी कोण आलं तेही बघायचं नाही. ज्याची जखम जास्त गंभीर, त्याला आधी घ्यायचं. सेनापतींनी ते निमूट मानलं की नाही, ठाऊक नाही. आमच्या बाकावर कुणी मानायला तयार नव्हतं. खरं तर त्या खोलीत ज्याला कुणी विचारत नाही तो सगळ्यात सुखी माणूस. सिस्टर तुमच्याकडे बघून लगबगीने उठल्या तर समजावं की काहीतरी बिनसलंय. हे मला पुरतं पटलेलं आहे, तरी त्या आजी आत गेल्या तेव्हा मी घड्याळाकडे बघून मोठ्यांदा श्वास सोडला.

थोड्या वेळाने सिस्टर परत आल्या आणि परीक्षेला सुरुवात झाली.

"शून्य ते दहा, किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही."

साधा प्रश्न. पण तीन म्हणावं तर इतक्या रात्री आलातच कशाला, असा अर्थ निघतो. नऊ म्हणावं तर मी बाकावर बसून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतो, हे सिस्टरनी पाहिलेलं. मी हिशेब करून म्हटलं, "सात."

शेजारून बायको म्हणाली, "सात? माझ्या बाळंतपणात मी सात सांगितलं होतं."

"सहा," मी म्हटलं.

सिस्टरनी बायकोकडे पाहिलं आणि पाच लिहिलं.

"रोजची औषधं कुठली?"

"एक बी.पी.ची आहे."

"नाव?"

"नाव... छोटी आहे. पांढरी."

सिस्टर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की या जगात पांढऱ्या छोट्या गोळ्या खूप आहेत. मी मदत म्हणून सांगितलं की मधोमध रेघ असते आणि पाकिटावर निळा पट्टा आहे. बायकोने भर घातली, "निळा आधी होता, आता केमिस्ट हिरवा देतो." ही माहिती त्या माउलीने कुठल्या रकान्यात भरली, देव जाणे. औषधांची ॲलर्जी विचारली, तेव्हा मला एकाएकी शाळेत असताना कुठल्याशा इंजेक्शनने अंगावर उठलेल्या गांधी आठवल्या. कुठलं इंजेक्शन, तेही अर्थातच आठवेना. "पिवळं होतं," मी म्हटलं.

मग बी.पी. ते मोजायचं तर आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात छातीच्या पातळीत आणि तोंड बंद. हे सगळं भिंतीवर चित्रासकट लावलेलं आहे. मी पाठ टेकली, पाय जमिनीवर ठेवले आणि पट्टा फुगत असताना सिस्टरना विचारलं, "नॉर्मल आहे ना?" त्यांनी हवा सोडली, बोट ओठांवर ठेवलं आणि पुन्हा फुगवायला घेतलं. दुसऱ्या खेपेला आकडा चांगला दहाने उतरला. पांढरा कोट बघून अनेकांचं बी.पी. चढतं म्हणतात, माझं बोलण्याने चढतं, आणि यावर बायकोचं एक मत आहे ते मी इथे देत नाही.

परत बाकावर. समोर टीव्ही, आवाज बंद, त्यावर आरोग्याची माहिती पानापानाने सरकते. पान नेमकं तेवढा वेळ थांबतं की महत्त्वाच्या ओळीपर्यंत डोळे पोचावेत आणि ती वाचून होऊ नये. 'नाकातून रक्त आल्यास डोकं मागे...' आणि पुढे भाजल्यावरची माहिती. डोकं मागे करायचं की नाही यावर बाकावर दोन तट पडले. मंडळी चक्र पूर्ण फिरून ते पान परत यायची वाट बघत बसली. आलं तेव्हा कळलं, मागे करायचंच नाही; पुढे झुकायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा. आयुष्यभर लोकांची डोकी मागे करत आलेल्या एका मावशींनी टीव्हीकडे पाठ फिरवली. भाजल्यावर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हे पान आलं तेव्हा त्या बघतच नव्हत्या. त्यामुळे टूथपेस्ट त्यांच्यापुरती वाचली.

कोपऱ्यात एकजण खोकत होते. "आठवडा झाला, जातच नाही," ते दर खोकल्यानंतर जाहीर करत. टीव्हीला ते ऐकू गेलं असावं, कारण पुढचं पान खोकल्याचं होतं. साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, माणसांना मात्र वाटतं की आठवड्यात जायला हवा. ही माहिती खरी आहे. २०१३ साली अमेरिकेत काहींनी लोकांच्या अंदाजाचा आणि प्रत्यक्ष खोकल्याचा हिशेब मांडून दाखवला होता. गृहस्थांनी पान वाचलं, बोटं मोजली, आणि उरलेल्या दिवसांचा आकडा ऐकून त्यांच्या बायकोनेच सुस्कारा सोडला.

शेवटी मला आत बोलावलं. डॉक्टर तरुण, आवाज दमलेला, पण डोळे ताजे. दुर्बीण घेऊन त्या थेट उजव्या कानाकडे आल्या.

"डॉक्टर, डावा."

"हो. आधी चांगला बघते."

चांगला कान बघून झाल्यावर दुखऱ्याचं लालपण मोजता येतं, हे पटण्यासारखं आहे. पण तेवढा वेळ डाव्या कानाचा जो अपमान झाला, तो त्याने ठणकून दाखवला. पडदा लाल आहे, फाटलेला नाही, सर्दीमुळे आत दाब साचलाय, असं निदान झालं. मी खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवरची नावं लिहून घ्यावीत म्हणून.

"पॅरासिटामॉल घ्या. बहुतेकदा तीनेक दिवसांत आपोआप थांबतं."

"आणि अँटिबायोटिक?"

"आत्ता गरज नाही."

एवढं ठणकून, एवढं बसून, आजींना पुढे सोडून, हाती काय, तर जे घरच्या डब्यात पडलेलं आहे ते! रिकाम्या हाताने परतणाऱ्या रुग्णाचं दुःख डॉक्टरांना कळत नाही. फोनवर सल्ले दिलेल्यांना मी काय सांगणार होतो? पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू निर्ढावतील. तेव्हापासून जंतूही निर्ढावले आणि आम्ही मागणारेही. डॉक्टरांनी माझा चेहरा वाचला असावा. त्यांनी एक छापील कागद दिला, त्यावर पेनने दोन ओळींखाली रेघा मारल्या, आणि खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

पहिली रेघ: कानामागे सूज, कानातून पू, चक्कर, वाढता ताप किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली तर लगेच परत या. गाडीत बसल्यावर मी आरशात बघून दोन्ही बाजूंनी हसून पाहिलं. "हसताय कशाला?" बायकोने विचारलं. मी कागद पुढे केला. तिने वाचला आणि मग सिग्नलला माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा हसा."

दुसरी रेघ पॅरासिटामॉलखाली होती. मोठ्या माणसाने चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही तेच असतं, ते मोजायला विसरायचं नाही. जास्त झालं की यकृताला महागात पडतं. त्याखाली ठळक अक्षरांत: 'येताना आपल्या औषधांची यादी सोबत आणा.'

बायकोने हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या याद्या झाल्या. माझी पांढरी छोटी गोळी ॲम्लोडिपिन निघाली. सासऱ्यांनी आपली पाकिटं टेबलावर मांडली, त्यात दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या रंगांची आणि आतून एकच असलेली गोळी सापडली. त्यांच्या डॉक्टरांनी त्यातली एक बंद केली. मग सासऱ्यांनी यादी स्वतः पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवली, नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, सगळे रकाने आखून, आणि लॅमिनेट करून आणली. आता त्यांचं म्हणणं असं, की इतकी सुबक यादी झाली आहे, तर एकदा रात्री जाऊन सिस्टरना दाखवून यायला काय हरकत आहे?