अमावस्येचा मुहूर्त

आमच्या घरात दिनदर्शिका दोघंच बारकाईनं वाचतात, आई आणि मी. आई अमावस्या बघते ती त्या दिवशी कुणी काही नवं सुरू करू नये म्हणून, आणि मी बघतो ते त्या दिवसावाचून माझं काही सुरूच होत नाही म्हणून. मी रात्रीच्या आकाशाचे फोटो काढतो. "हो, पण पोटापाण्याला काय करतोस?" हा पुढचा प्रश्न आता माझा मलाच ऐकू येतो.

म्हापशात राहून हे काम करणं म्हणजे शुक्रवारच्या बाजारात ध्यानाला बसणं. एकीकडे कळंगुट-बागाचा झगमगाट, दुसरीकडे मांडवीतल्या कॅसिनोंचा. फोटोत आकाश येतं ते गाजर हलव्याच्या रंगाचं. म्हणून स्कूटरला ट्रायपॉड बांधून नव्वदेक किलोमीटरवर, पार दक्षिण टोकाला पोळेंला जायचं. गोवा १५ अंश उत्तरेला, त्यामुळे आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सगळ्यात उजळ भाग, इथं क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंत वर चढतो. युरोपातल्यांना एवढा कुठला मिळायला! पण तो अंधार पडताच समोर हजर असतो ते महिने जुलै-ऑगस्ट. तेव्हा गोव्याला आकाश नसतंच, नुसता पाऊस असतो. उरतात मार्च ते मे, तेही रात्र जागवून.

एकदा गस्तीवरच्या शिपायानं हटकलं.

"कोणाचं शूटिंग?"

"आकाशगंगेचं."

"कुठल्या हॉटेलात उतरलीय?"

मी वर बोट दाखवलं. त्यानं आधी वर पाहिलं, मग माझं तोंड हुंगलं.

एवढं करून पैसा मिळतो तो लग्नांतूनच. गेल्या वर्षी फोंड्याच्या एका जोडप्याला लग्नाआधीचे फोटो हवे होते, मागे आकाशगंगा हवीच. मी खुशीत अमावस्येची तारीख दिली. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा फोन.

"अवसेला? लग्नाच्या मुली घेऊन? समुद्रावर?"

"काकी, चंद्र असला की तारे पुसट होतात."

"मग पुनवेला काढा की. उजेड बरा असतो."

यावर काय बोलणार? चार दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी एप्रिलातली वद्य एकादशी ठरली. चंद्र तीनच्या सुमारास उगवतो आणि गाभा मध्यरात्रीआधीच वर येतो, म्हणजे मला दोन-अडीच तास मिळत होते. काकींना तिथी पवित्र मिळाली. त्या स्वतः सोबत आल्या, साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणि एक आत्या घेऊन.

आम्हा आकाशाचे फोटो काढणाऱ्यांत एक सोपा हिशेब आहे. ५०० ला भिंगाच्या फोकल लेंग्थनं, म्हणजे भिंगावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्यानं भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवलं तरी फोटोत तारे रेघांसारखे ओघळत नाहीत. माझं भिंग २० मिलिमीटरचं, म्हणजे २५ सेकंद. मी २० वरच थांबतो. तारे वीस सेकंद बिचारे स्थिर राहतात. माणसांचं तसं नाही. पहिल्या फोटोत नवरदेव शिंकला. दुसऱ्यात आत्यानं "दिसतंय का गं काही?" म्हणून टॉर्च मारला. तिसऱ्यात चौदाव्या सेकंदाला त्याच्या मानेवर डास बसला आणि त्यानं तो मारला, त्यामुळे त्या फोटोत त्याला तीन हात आहेत. एक हात जरा पारदर्शक आहे. सतराव्या प्रयत्नाला दोघं पुतळ्यासारखी उभी राहिली, मुख्यतः झोप लागल्यामुळे. आणि मागे माडांच्या शेंड्यांवर ती दुधाळ, धुळीच्या काळ्या भेगांची कमान! मला खिचडीचीसुद्धा शुद्ध राहिली नाही.

आठवड्यानं फोटो पाठवले. संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. फोटो सगळ्यांना आवडले होते.

"फक्त मागे तो ढग आलाय ना पांढरा, आडवा," ते म्हणाले, "तेवढा पुसून द्या."