आतला हॅलयार्ड गेला म्हणून डोलकाठी उतरवावी लागत नाही

शिडाच्या नौका चालवायला शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवण्याचा दोर, पोकळ डोलकाठीच्या आत निसटला की क्रेन बोलावून डोलकाठी उतरवण्याखेरीज इलाज नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. क्रेन परवडत नसेल तर शेंड्यावरून जड नट किंवा गवंड्याचा ओळंबा दोरीला बांधून आत सोडावा, असा एक पर्यायही दिला आहे. दोर कोणताही चालतो, जाडी तेवढी तीच हवी, असे पुढे म्हटले आहे. आणि दोराच्या टोकाला गाठ मारून ठेवली की हा प्रसंग कधीच येत नाही, या आश्वासनावर मजकूर संपतो. यातल्या प्रत्येक विधानात काही ना काही उणे आहे, आणि एकदोन सल्ले नवख्या माणसाला इजा करतील असे आहेत, म्हणून त्यांचा मुद्देसूद विचार करणे आवश्यक वाटते.

क्रेनचा मुद्दा आधी घेतो. कोकणातल्या जुन्या शिडाच्या गलबतांची डोलकाठी भरीव लाकडाची असे आणि शिडाचा दोर तिच्या बाहेरूनच चाले, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठ्या रूढ झाल्या आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून दोर हळूहळू आत गेले. आता दोर डेकजवळच्या खाचेतून आत शिरतो, आतून वर जातो, शेंड्यावरच्या कप्पीवरून वळतो आणि बाहेरून खाली येऊन शिडाला शॅकलने, म्हणजे पिन घातलेल्या धातूच्या कडीने, जोडला जातो. क्रेन हाच एकमेव उपाय असता तर लांब पल्ल्याची सफर अशक्य झाली असती. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती चार बंदरांत थांबून, आणि त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कुठेही न थांबता केली. दक्षिण महासागरात क्रेन नसते. तिथे जाणाऱ्या नौकेवर दोर बिघडला तर जे काही करायचे ते उभ्या डोलकाठीवरच करावे लागते, आणि ते करता येते.

मुळात ‘हॅलयार्ड हरवला’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या स्थिती मिसळल्या जातात, आणि मजकुराची मुख्य चूक इथेच आहे. पहिल्या स्थितीत शिडापासून सुटलेले शॅकल वर जाऊन कप्पीच्या तोंडाशी अडकलेले असते. दोर शाबूत असतो, जागच्या जागी असतो. कोणीतरी वर जाऊन शॅकल खाली आणले की काम संपले. या वेळी सर्वांत मोठी चूक होते ती म्हणजे खालचे टोक ‘बघू तरी’ म्हणून जोरात ओढणे, कारण शॅकल कप्पीच्या बाजूला घट्ट रुतून बसते.

दुसऱ्या स्थितीत खालचे टोक, म्हणजे विंचकडचे (विंच म्हणजे दोर ओढण्याचे फिरते यंत्र) टोक, खाचेतून आत शिरून डोलकाठीत कुठेतरी मध्येच लोंबत असते आणि शिडाकडचे टोक आपल्या हातात असते. इथे ते हातातले टोक खाली ओढू नये. बाहेरची बाजू आधीच लांब, म्हणून जड असते. थोडा धक्का मिळाला की उरलेला दोर शेंड्यावरून निसटून डेकवर पडतो आणि डोलकाठी खरोखरच रिकामी होते. हा हिशोब लहान वाटतो, पण १० मिलीमीटरच्या पॉलिएस्टर दोराचे वजन मीटरला साधारण ७० ते ८० ग्रॅम असते, म्हणजे १२ मीटर उंचीच्या डोलकाठीवर एका बाजूला जवळजवळ एक किलो वजन लोंबत असते. उपाय असा की हातातल्या टोकाला पुरेशी लांब बारीक दोरी पक्की बांधावी, वर एका माणसाला पाठवावे आणि त्याने बाहेरचा दोर थोडा थोडा वर घेऊन कप्पीवरून आत सोडत जावा. आतले टोक आपल्याच वजनाने खाली येते, खाचेपाशी दिसले की वाकवलेल्या तारेने बाहेर काढता येते, आणि वर गेलेले शिडाकडचे टोक बारीक दोरीने परत खाली ओढता येते. क्रेन नको, नवा दोरही नको.

डोलकाठी खरोखर रिकामी होते ती तिसऱ्या स्थितीत: दोर कप्पीजवळ झिजून तुटला, किंवा पूर्णपणे बाहेर पडला. ओळंब्याचा सल्ला लागू झालाच तर तो इथे, पण मजकुरात तो दिला आहे त्या स्वरूपात नव्हे. शेंड्यावर कप्पी आणि तिच्या पेटीच्या भिंतीमधली जागा दोर जेमतेम जाईल एवढीच असते. जाड नट तिथून आत शिरत नाही. कसाबसा शिरलाच तर खालच्या खाचेतून बाहेर येत नाही, आणि ओढताना दोरी तुटली तर तो डोलकाठीच्या तळाशी कायमचा पडून राहतो. वजन लांबट आणि लवचीक हवे. सायकलच्या चेनचा वीतभर तुकडा या कामाला उत्तम, कारण तो कप्पीवरून वळतो, खाचेतून निघतो आणि पोलादाचा असल्याने चुंबकाला धरतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे खाचेशी धरलेले चुंबक फक्त चेनला ओढते.

चेन सोडण्याआधीची तयारी मजकुरात कुठेच नाही, आणि प्रयत्न बहुधा तिथेच फसतात. डोलकाठीच्या आत इतर दोर असतात, दिव्यांच्या आणि रेडिओच्या वायर असतात, आडव्या दांड्यांचे बोल्ट असतात. ढिल्या दोराभोवती चेन गुंडाळली गेली तर नवा दोर दुसऱ्या दोराला पीळ घालून बसतो आणि भर वाऱ्यात शीड उतरत नाही. म्हणून बाकीचे सर्व दोर आधी घट्ट ताणून ठेवावेत, पाणी शांत असेल तेव्हाच काम करावे, आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, एका बाजूला पूर्ण बाहेर काढून किंवा माणसे एका बाजूला बसवून नौका किंचित कलती करावी, म्हणजे चेन हव्या त्या भिंतीला टेकून उतरते. दोरी भडक रंगाची घ्यावी. शेजारच्या खाचेतून टॉर्च मारला की तारेचा आकडा नेमका कशात अडकवायचा ते कळते. चेन खाचेच्या खाली गेली तरी घाबरू नये. तळाला लागू द्यावी, दोरी हलकीशी ताणावी आणि दोरीलाच आकडा घालावा.

बारीक दोरी एकदा आरपार गेली की पुढचे काम परकराला नवी नाडी घालण्यासारखे आहे: जुन्या टोकाला नवे टोक जोडायचे आणि ओढायचे. मात्र दोन टोके गाठीने बांधू नयेत, गाठ कप्पीवर अडते. टोकाला टोक भिडवून जाड दोऱ्याने शिवावे आणि वरून टेप निमुळती गुंडाळावी. जीर्ण झालेला पण अजून जागेवर असलेला दोर बदलतानाही हीच रीत आहे, आणि तेव्हा तर वर चढावेही लागत नाही.

वर चढण्याविषयी मजकुरात अवाक्षर नाही. ‘शेंड्यावरून सोडा’ एवढे म्हणून तो पुढे जातो, ही त्यातली मला सर्वांत आक्षेपार्ह वाटलेली गोष्ट आहे. माणूस नेहमी दोन स्वतंत्र दोरांवर वर जावा, एकाने ओढला जावा आणि दुसऱ्याने सांभाळला जावा. दोर हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, थेट बोलाइन या न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने बांधावा. झटक्यात उघडणाऱ्या शॅकलवर जीव सोपवू नये. जो दोर आत झिजला असण्याची शंका आहे त्यावर चढू नये, हे वेगळे सांगायला नको, पण एकाच वयाच्या दोन दोरांपैकी एक तुटला असेल तर दुसराही त्याच वाटेवर असतो हे लक्षात घ्यावे. विजेच्या विंचने माणूस ओढू नये, कारण पाय कुठे अडकला तरी मोटर थांबत नाही. हत्यारे दोरीने बांधलेली असावीत आणि खाली कोणी उभे राहू नये. एवढी माणसे व साधने हाताशी नसतील, तर बहुतेक नौकांवर बूम तोलून धरणारा टॉपिंग लिफ्ट असतो. बूमला दुसरा आधार देऊन त्या दोराने मोठे शीड तात्पुरते चढवून बंदर गाठता येते.

दोर कोणताही चालतो हे विधान बाजारात नायलॉन स्वस्त मिळतो म्हणून पटते. नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. नांगराच्या दोराला हा गुण हवा असतो, पण शिडाच्या दोराला तो दोष ठरतो: वारा वाढला की दोर लांबतो, शिडाची पुढची कड सैल पडते, पोट मागे सरकते, आणि नौका वेग घेण्याऐवजी अधिक कलते. वेणीचा पॉलिएस्टर दोर साध्या सफरीच्या नौकेला पुरतो. लांबी डोलकाठीच्या उंचीच्या दुप्पट, अधिक विंचपर्यंतचे अंतर, अधिक हाताला लागणारा भाग, अशी मोजावी. जुन्या नौकेवर आधी पोलादी तारेचा हॅलयार्ड असेल तर कप्पीची खोबण अरुंद असते. त्यात जाडी पाहून आणलेला दोर बसत नाही, कडेने घासतो आणि दोन हंगामांआधीच तुटू शकतो. तिथे कप्पी बदलणे आधी.

राहिला गाठीचा मुद्दा. टोकाला इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मारणे ही चांगली सवय आहे आणि दुसरी स्थिती तिने जवळजवळ टळते. पण शॅकल उघडणे किंवा कप्पीशी दोर झिजणे यांवर तिचा काही इलाज नाही. त्यासाठी शॅकलची पिन तारेने किंवा दोऱ्याने बांधावी लागते, आणि वर्षातून एकदा दोर पूर्ण बाहेर काढून हाताने चाचपावा लागतो. मुंबईत अनेक खाजगी शिडाच्या नौका पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढतात आणि काहींच्या डोलकाठ्या तेव्हा उतरवल्याही जातात. डोलकाठी उतरणारच असेल तर दोर त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, एवढे क्रेनवाल्यांचे म्हणणे मान्य. डोलकाठी उभी राहणार असेल तर हॅलयार्ड धुऊन घरात ठेवावेत आणि प्रत्येकाच्या जागी एकेक बारीक दोरी, दोन्ही टोके खाली बांधून, डोलकाठीत सोडून ठेवावी.