७४७ टक्क्यांचा पब्लिक ॲडजस्टर

मिल्टन वादळानंतर फ्लोरिडातल्या मराठी ग्रुपांवर फिरलेला मेसेज पुन्हा डोकं वर काढतोय. या खेपेला तो टॅम्पाहून ठाण्याला पोचला आणि आत्याने तिथून फोन करून टॅम्पातल्याच आपल्या लेकीला बजावलं, "इन्शुरन्सचा माणूस आला तर दारातूनच परत पाठव." लेकीच्या छताचे शिंगल्स उडालेत, पाहुण्यांच्या खोलीचं सीलिंग ओलं होऊन फुगलंय, आणि ती मेसेज प्रमाण मानून गप्प बसलीय. म्हणून हे लिहितेय.

मेसेजचा सारांश असा: कंपनीच्या ॲडजस्टरशी, म्हणजे नुकसान पाहून रक्कम ठरवणाऱ्या माणसाशी, बोलू नका, आधी पब्लिक ॲडजस्टर लावा. तो येईपर्यंत कशाला हात लावू नका. तो ७४७ टक्के जास्त पैसे मिळवून देतो, सरकारी अहवालच आहे. त्याची फी तुम्हाला पडत नाही. डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा पहिला हिस्सा) माफ होतं आणि पुराचं नुकसानही त्यातच बसतं.

पब्लिक ॲडजस्टर म्हणजे घरमालकाच्या वतीने नुकसानीचा हिशेब मांडून कंपनीशी वाटाघाटी करणारा परवानाधारक. धंदा कायदेशीर आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

"कशाला हात लावू नका" हा सल्ला मात्र घराचं वाटोळं करणारा आहे. फ्लोरिडाच्या दमट हवेत भिजलेल्या ड्रायवॉलला, म्हणजे जिप्समच्या भिंतीला, दोन दिवसांत बुरशी धरू शकते. पुढचं नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीनेच घरमालकावर टाकलेली जबाबदारी आहे. ती पाळली नाही तर वाढलेल्या नुकसानीचे पैसे नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. भरपूर फोटो काढा, छतावर ताडपत्री टाका, भिजलेला गालिचा उचला, त्याचा एक तुकडा पुराव्यासाठी कापून ठेवा, पावत्या जपा. कंपनीच्या माणसाला घर दाखवणं हीसुद्धा पॉलिसीतलीच अट आहे. त्याला दारातून परत पाठवून आत्याच्या लेकीचाच क्लेम अडकेल.

आता ते ७४७. आकडा खरा आहे, म्हणून जास्त राग येतो. फ्लोरिडा विधिमंडळाच्या ‘ओपागा’ या कार्यालयाचा जानेवारी २०१० चा अहवाल आहे, सरकारी पाठबळावर चालणाऱ्या सिटिझन्स विमा कंपनीच्या क्लेमांबद्दल. २००५ च्या वादळांचे, पण २००८ आणि २००९ मध्ये दाखल झालेले क्लेम त्यांनी पाहिले. पब्लिक ॲडजस्टर असलेल्यांना साधारण १७,१८७ डॉलर मिळाले, नसलेल्यांना २,०२९. फरक ७४७ टक्के. त्याच अहवालात २००४ च्या वादळांचेही आकडे आहेत: २२,२६६ आणि १८,६५९. फरक १९ टक्के! हा आकडा मेसेजमध्ये का नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय वादळानंतर तीन-चार वर्षांनी कोण ॲडजस्टर लावतं? ज्याचं नुकसान मोठं आहे किंवा ज्याचं कंपनीशी फाटलंय तो. शंभर डॉलरच्या खिडकीसाठी कोणी लावत नाही. दोन्ही गटांतली घरंच सारखी नसतील तर सगळा फरक ॲडजस्टरच्या नावावर कसा लावणार? आणि अहवालाच्या शीर्षकातच म्हटलंय की पब्लिक ॲडजस्टरमुळे पैसे वाढतात आणि निकाली निघायला वेळही जास्त लागतो. मेसेजवाल्याने शीर्षकही अर्धंच वाचलं.

"फी तुम्हाला पडत नाही" हे तर धादांत खोटं. ती तुमच्याच क्लेमच्या पैशातून जाते. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या वादळाच्या क्लेमवर पहिल्या वर्षात जास्तीत जास्त १० टक्के, एरवी २० टक्क्यांपर्यंत. समजा, घराचा विमा चार लाखांचा, वादळाचं डिडक्टिबल २ टक्के म्हणजे ८,००० डॉलर, आणि नुकसान ३०,००० चं. कंपनी देणार २२,०००. त्यातले २,२०० ॲडजस्टरचे. हातात १९,८०० आणि छतवाल्याचं बिल ३०,०००.

डिडक्टिबल माफ? कॉन्ट्रॅक्टरने तसं आमिष दाखवायला फ्लोरिडात कायद्याने बंदी आहे. जो ॲडजस्टर तुमचा क्लेम हाताळतो त्याला त्याच घराची दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे "दोन्ही आम्हीच बघतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पूर साध्या होमओनर्स पॉलिसीत येतच नाही. त्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि अमेरिकी केंद्र सरकारच्या योजनेत घराच्या बांधकामाला कमाल अडीच लाख डॉलर मिळतात. हेलीन वादळाच्या वेळी समुद्राचं पाणी घरात शिरलेल्या कितीतरी जणांना हे तेव्हाच कळलं.

कंपनीचा ॲडजस्टर कंपनीच्याच पैशांवर काम करतो, ही गोष्ट मान्य. तो हातचं राखून हिशेब करतो, तेही नाइलाजाने मान्य. छत पूर्ण गेलं असेल, क्लेम नाकारला असेल किंवा कंपनीचा आकडा दोन छतवाल्यांच्या कोटेशनच्या निम्माही नसेल, तर पब्लिक ॲडजस्टर जरूर लावा. पण आधी राज्याच्या वित्त सेवा विभागाच्या मोफत मध्यस्थीसाठी अर्ज करा, तिचा खर्च कंपनी भरते. सही करण्यापूर्वी त्याच विभागाच्या साइटवर ॲडजस्टरचा परवाना तपासा. कंपनीने आधी दिलेल्या रकमेवर टक्केवारी लावलेली नाही ना, ते करारात बघा. सही करून चुकलात तर दहा दिवसांत करार विनादंड मोडता येतो. जाहीर आणीबाणीच्या वादळात ही मुदत नुकसानीच्या तारखेपासून तीस दिवस किंवा सहीपासून दहा दिवस, यांत जी जास्त असेल ती. आत्याच्या लेकीने अजून सही केलेली नाही. ताडपत्री आज संध्याकाळी पडतेय आणि कंपनीचा माणूस गुरुवारी येतोय.