सातबारा नाही म्हणून शेतकरी नाही?

मार्च 2018 मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला आला. त्याबद्दलचा एक मजकूर अजून फिरतो आहे आणि शेतकऱ्यांच्या कुठल्याही आंदोलनाची बातमी आली की पुन्हा वर येतो. त्याचा सारांश असा: ते शेतकरी नव्हतेच, बहुतेकांच्या नावावर सातबारा नव्हता, जंगल तोडून बळकावलेली जमीन फुकटात मिळवायला आलेले ते आदिवासी होते, लाल झेंडेवाल्यांनी त्यांना गोळा करून आणलं, मुंबईला वेठीस धरलं, आणि सरकारने सगळं मान्य केलं तरी ते परत परत येतात.

यातली एकच गोष्ट खरी आहे. पुष्कळांच्या नावावर सातबारा नव्हता. मोर्चा निघाला तो मुख्यतः त्याचसाठी.

सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या नागली, वरई, भात, खुरासणी पिकवतात. जमीन मात्र कागदावर वनखात्याची. नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. अतिवृष्टीत पीक गेलं तर भरपाईच्या यादीत नाव लागणं मुश्कील. वनखात्याने उद्या हटवलं तर हातात दाखवायला कागद नाही. आधी सातबारा नाकारायचा आणि मग तो नाही म्हणून शेतकरीपणही नाकारायचं, हे मला साफ अन्यायाचं वाटतं. केंद्र सरकारचं 2007 चं राष्ट्रीय शेतकरी धोरणसुद्धा शेतकऱ्याला सातबाऱ्यात कोंडत नाही. जमीनमालकासोबत कूळ, वाटेकरी, शेतमजूर, फिरती शेती करणारी आणि गौण वनोपज गोळा करून विकणारी आदिवासी कुटुंबं, या सगळ्यांना ते शेतकरी मानतं.

‘जंगल तोडून बळकावलेली’ या आरोपाला उत्तर कायद्यातच आहे. वनहक्क कायदा 2006 साली संसदेने केला आणि त्याच्या प्रास्ताविकेत आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन ताब्यात आहे आणि दावा करतेवेळीही जी कसली जाते, तिच्यावरच हक्क मिळतो, तोही जास्तीत जास्त चार हेक्टर. काल झाडं तोडून आज दावा केला तर तो टिकत नाही, टिकूही नये. मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. नवराबायको दोघं असतील तर पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, दोघांच्या नावाने निघतो. ज्यांना यात भूखंडाचा व्यवहार दिसतो त्यांनी ही कलमं एकदा वाचावीत.

दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. घोडं अडतं ते इथेच. पुरेसा पुरावा नाही म्हणून दावे फेटाळले जातात, खरं तर गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही नियमांनी पुरावा मानला आहे. दावा मंजूर झाला तरी कसलेल्या जमिनीचा जेमतेम तुकडा पट्ट्यावर चढतो, ही तक्रार मोर्चातल्या कित्येकांच्या तोंडी होती. सरकारशी भांडण या अंमलबजावणीवरून होतं. कर्जमाफीच्या अटी, हमीभाव आणि नार-पार, दमणगंगा या नद्यांचं पाणी गुजरातकडे वळवण्याला विरोध या मागण्याही होत्या, पण वनजमिनीचा प्रश्न या माणसांच्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा.

माणसं गोळा करून आणल्याचं म्हणणं इतिहासासमोर टिकत नाही. महाराष्ट्रात किसान सभेचं अधिवेशन जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला झालं, तिथे वारली आदिवासी आले होते. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तलासरी, उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला तो त्याच वर्षी. या पट्ट्यातल्या घरांत किसान सभेचं नातं तिसऱ्या-चौथ्या पिढीचं आहे. मोर्च्याच्या पुढाऱ्यांपैकी जीवा पांडू गावित त्या वेळी कळवणचे आमदार होते, याच लोकांनी निवडून दिलेले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष पाठीशी होता हे कुणी लपवलेलं नाही, झेंडे लालच होते. पण एखादी मागणी पक्षाने उचलली म्हणून ती खोटी ठरत नाही.

मुंबईला वेठीस धरल्याचं म्हणणाऱ्यांनी 11 मार्चची रात्र आठवावी. सुमारे 180 किलोमीटर चालून माणसं सोमय्या मैदानावर पोचली होती, पायांना फोड आले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून सकाळपर्यंत न थांबता ती रात्रीतच पुढे निघाली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर पोचली. त्या दिवसांत मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या.

राहिला ‘सगळं मान्य केलं तरी परत येतात’ हा मुद्दा. 12 मार्च 2018 ला फडणवीस सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं. जवळपास वर्ष उलटून गेल्यावर, फेब्रुवारी 2019 मध्ये दुसरा मोर्चा नाशिकहून निघाला आणि नवं लेखी आश्वासन घेऊन थांबला. त्याच महिन्यात, 13 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या दिवसांत देशभरातल्या लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी करा, असं मोर्चेकरी का म्हणत होते ते यावरून कळावं.

तिसरा मोर्चा मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघून ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला थांबला. तोवर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते आणि कांद्याचा भाव कोसळला होता. आश्वासन विधानसभेत दिलं गेलं. त्या वेळच्या मागण्यांच्या यादीत कांद्याच्या अनुदानाबरोबर वनहक्काचे दावेही होते, पाच वर्षांपूर्वी सहा महिन्यांत निकाली निघायचे होते तेच.