हंगामी फुलांची वाट बघण्यातही सुख आहे

बागेबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की शहरातल्या लोकांनी बारमाही फुलझाडंच लावावीत, हंगामी फुलांचा खटाटोप परवडत नाही. मला हे अजिबात पटलं नाही. आमच्या बेळगावात वळवाचा पहिला पाऊस झाला की जमिनीत निजलेल्या कंदातून मे फ्लॉवरचा लाल गोंडा वर येतो. आठवडाभर टिकतो, पण त्या आठवड्यात शेजारपाजारचे सगळे कुंपणापाशी थांबून जातात. मग तेरडा. त्याला तर पेरावंही लागत नाही. गेल्या वर्षीच्या बोंडांनी तडकून जे बी उडवलेलं असतं तेच मृगात उगवतं आणि गौरी आणायच्या दिवशी घरचाच तेरडा हाताशी असतो. दसऱ्याचा झेंडू जुलैत पेरला की पुरतो.

शेवंतीबद्दल मात्र एक सांगायलाच हवं, कारण लेखात ते आलेलं नाही. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. कुंडी अंगणातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल तर कळ्या उशिरा धरतात, लोक उगाच खत घालत बसतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा. शेंडे श्रावणापर्यंत खुडत राहा, त्यानंतर हात लावू नका. आमच्याकडचा पाऊस जोराचा, म्हणून लाल मातीत शेणखताबरोबर थोडी वाळू मिसळावी, नाहीतर मुळं कुजतात.

खानापूरकडच्या कुणाकडे जुन्या पिवळ्या गावठी शेवंतीचे फुटवे असतील तर जरूर कळवा, बदल्यात मे फ्लॉवरचे कंद देईन.